आमच्यात पूर्वापार

‘आमच्यात पूर्वापार हे असंच चालत आलंय,’ हे वाक्य ज्या घरात आजवर एकदाही उच्चारलं गेलेलं नाही, असं घर कुणाच्या पाहण्यात असेल तर मला कळवावं. त्या घरमालकाचा जाहीर सत्कार करायला मी तयार आहे. शाल आणि नारळ माझ्याकडून.

पूर्वापार म्हणजे नेमकं कधीपासून, हे मात्र विचारायचं नसतं. बऱ्याच निरीक्षणांती मी असा शोध लावला आहे की पूर्वापार म्हणजे बोलणाऱ्याच्या वयाच्या आठव्या वर्षापासून. त्याच्या आधी जग होतं, पण ते नुसतं तयारीत होतं. माणूस आठ वर्षांचा असताना घरात जे घडतं ती परंपरा, त्याच्या चाळिशीत घडतात ती थेरं, आणि त्याच्या सत्तरीत जे घडतं ते जगबुडीचं लक्षण. हा नियम सगळ्यांत कडकपणे कुठे लागू होत असेल तर तो सणावारांना. दिवाळीचं दिवाळीवाले बघून घेतील. मी नाताळापुरतं बोलतो. कारण मी नगरचा मराठी ख्रिस्ती माणूस, आणि आमच्या घरात दर डिसेंबरात या विषयावर परिसंवाद भरतो.

नगर म्हणजे अहमदनगर. २०२४ साली त्याचं अहिल्यानगर झालं. आम्ही पहिल्यापासून नुसतं ‘नगर’च म्हणत आलो, त्यामुळे सरकारने पुढे-मागे काहीही लावलं तरी आमचं काही अडत नाही.

परिसंवादात दुसरी बाजू आमच्या सौभाग्यवतींची. इतर लेखक बायकोला ‘आमची मंडळी’ म्हणून मोकळे होतात. आम्हाला ती सोय नाही. आमच्यात ‘मंडळी’ म्हणजे चर्चची सगळी सभासद जनता. तर ही वसईची. रोमन कॅथलिक. तिच्या माहेरी सोळाव्या शतकापासून नाताळ चालू आहे, आणि हे ती मला लग्नानंतरच्या पहिल्या डिसेंबरापासून सांगत आली आहे.

“तुमचं काय हो, तुम्ही परवा-परवा आलात,” ती म्हणते. “नाताळ हा शब्दसुद्धा आमचाच उचललात.”

शब्दाचं म्हणणं खरं आहे. नाताळ हा पोर्तुगीज ‘नाताल’ शब्द. वसईत पोर्तुगीज १७३९ पर्यंत होते. चिमाजीअप्पांनी त्यांना घालवलं, चर्चच्या घंटा काढून नेल्या, आणि त्यांतली एक भीमाशंकराला आणि एक वाईजवळच्या मेणवलीला आजही टांगलेली आहे. पण शब्द काही कुणी काढून नेला नाही. तो वसई-गोव्याकडून घाट चढून आमच्या नगरपर्यंत आला आणि करंजीच्या ताटाशेजारी मांडी घालून बसला.

आमचा नाताळ मात्र अमेरिकन मिशनचा. हे मिशनरी १८१३ साली मुंबईला उतरले आणि १८३१ मध्ये नगरला आले. आता माझं दुर्दैव असं की इतिहास वाचायचा नाद मला आणि त्याचा उपयोग तिला. एकदा मी उत्साहाच्या भरात तिला वाचून दाखवलं, की हे मिशनरी ज्या मॅसॅच्युसेट्समधून आले, तिथल्या त्यांच्या प्युरिटन पूर्वजांनी १६५९ साली कायदाच केला होता. नाताळ साजरा करताना जो सापडेल त्याला पाच शिलिंग दंड! बायबलात पंचवीस डिसेंबर कुठे लिहिलाय, हा त्यांचा सवाल. तसा तो लिहिलेला नाहीच. ही तारीख पहिल्यांदा सापडते ती चौथ्या शतकातल्या रोमच्या एका पंचांगवजा बाडात. कायदा १६८१ मध्ये उठला, पण मनातली अढी काही उठेना. मॅसॅच्युसेट्समध्ये नाताळची सरकारी सुट्टी सुरू झाली ती थेट १८५६ साली. म्हणजे मिशनरी नगरला येऊन पंचवीस वर्षं होईपर्यंत खुद्द त्यांच्या बोस्टनमध्ये पंचवीस डिसेंबरला लोक मुकाट्याने कामावर जात होते.

हे ऐकून ही इतकी हसली की तिच्या हातातली शंकरपाळ्यांची कातणी खाली पडली. “अगं बाई! म्हणजे तुमचा नाताळ दंड भरून सुरू झालाय!”

मी इंग्लंडचा आधार घेऊन पाहिला. तिथेही तीच कथा. १६४७ मध्ये पार्लमेंटने नाताळ रद्द केला, आणि कँटरबरीत लोकांनी नाताळच्या दिवशी दुकानं उघडी ठेवणाऱ्यांच्या मालाची नासधूस करून दंगल केली. १६६० मध्ये राजा परत आला आणि नाताळही परत आला. सणासाठी दंगल करणारा समाज आपल्याला अगदीच परका वाटत नाही, एवढंच समाधान मला त्यातून मिळालं.

पण आमच्या घरात एक गोष्ट होती, जिच्यावर वसईचंही काही चालत नसे. चोवीस डिसेंबरच्या रात्री सगळ्यांची पानं उठली की स्वयंपाकघराच्या ओट्यावर एक जादा ताट मांडायचं. त्यात ज्वारीची एक भाकरी, चिमूटभर मीठ, आणि वरून दुसरं ताट पालथं. त्या रात्री घरात करंज्या, चिवडा, लाडू सगळं असे, पण त्या ताटात फक्त भाकरी. आणि तिला सकाळपर्यंत हात लावायचा नाही.

का, म्हणून विचारलं तर जेवढी तोंडं तेवढी उत्तरं. आत्या म्हणायची, वाटसरूसाठी. वडील रविवारच्या शाळेत शिकवायचे. ते म्हणत, बेथलेहेमात योसेफ-मरियेला उतारशाळेत जागा मिळाली नाही, त्याची आठवण म्हणून. माझ्या आठव्या वर्षी माझी खात्री होती की भाकरी नाताळबाबासाठी आहे, आणि म्हणूनच तो आमच्याकडे येत नाही. जगभर केक खात हिंडणारा माणूस नगरला मीठ-भाकर खायला कशाला थांबेल? आजोबांना विचारायची सोय नव्हती. ते म्हणायचे, “असतं तसं.” आजोबा मिशनच्या शाळेत सुतारकाम शिकलेले. रंध्याला बोलता येत असतं तर त्यांच्यापेक्षा जास्त बोलला असता.

आजोबांचा नाताळ हा पहाटेचा होता. पहाटे चारला मंडळीतली माणसं पेटी, तबला आणि झांजा घेऊन भजनं म्हणत दारोदार फिरायची. भजनं बहुतेक रेव्हरंड टिळकांची. नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले आणि नगरला येऊन राहिले. कोकणातल्या या चित्पावनाने ख्रिस्ताला अभंगाच्या आणि ओवीच्या वाटेने घरात आणलं. त्याआधी साहेबाच्या चालीवर बसवलेली मराठी गीतं म्हणताना आमच्या लोकांचा श्वास कुठे घ्यावा याचा गोंधळ उडत असला पाहिजे. काही गीतं अजून आहेत आणि माझा अजून उडतो. टिळकांच्या भजनाला तो प्रश्न नाही. ते थेट बेंबीतून म्हणता येतं. आजोबांना ही भजनं म्हणजे पूर्वापार वाटायची, आणि ते साहजिक होतं. टिळक नगरला आले तेव्हा आजोबा दोन-तीन वर्षांचे असतील.

त्यामुळे १९७० च्या सुमारास आम्ही काही पोरांनी गिटार आणली, तेव्हा आजोबांनी तीन दिवस अबोला धरला. बोलतच नसल्याने तो आमच्या लक्षात यायला दोन दिवस गेले. देवाच्या कामात हे सिनेमातलं वाद्य नको, असं शेवटी आजीमार्फत कळलं. ‘सायलेंट नाइट’ हे जगातलं सर्वांत सोवळं नाताळगीत १८१८ साली ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फ गावात पहिल्यांदा म्हटलं गेलं ते गिटारवरच, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. असतं तरी सांगायची छाती झाली नसती. आणि आजोबांची ती अस्सल देशी पेटी मूळची फ्रान्सची, हे तर आजही कुठल्या भजनी मंडळात बोलण्याचा धीर मला होणार नाही.

आमचं गिटारवरचं पहिलं गाणं ‘जिंगल बेल्स’. बर्फावरून घसरणाऱ्या एका घोड्याच्या गाडीचं हे गाणं आम्ही तोफखान्याच्या बोळातून, टांग्याला वाट देत देत, घामाघूम होऊन म्हटलं. पुढे कळलं की १८५७ सालच्या या गाण्यात ख्रिस्त तर नाहीच, पण नाताळाचा उल्लेखही नाही. म्हणजे त्या वर्षी आम्ही दारोदार जाऊन लोकांना वाहतुकीची माहिती देत होतो.

वडिलांच्या पिढीने नाताळात आणला तो केक. वडील खडकीला नोकरीला लागले, तिथे त्यांनी मनुकांचा काळा केक पाहिला आणि त्या माणसाच्या डोक्यातून तो गेलाच नाही. आता घरात भट्टी नाही. उपाय एकच, बेकरी. तेव्हा गावोगावची ख्रिस्ती कुटुंबं हेच करायची. केकचं पीठ घरी कालवायचं आणि पातेल्यात घालून बेकरीत न्यायचं. त्यासाठी आधी महिनाभर रेशनची साखर वाचवायची, म्हणजे पूर्ण डिसेंबर चहा मचूळ. मनुका रममध्ये भिजवतात असं वडिलांना खडकीत कळलं होतं, पण एक तर राज्यात दारूबंदी आणि त्याहून कडक म्हणजे घरात आजोबा. मग आईने त्या संत्र्याच्या रसात भिजवल्या. आमच्या घरात अजून संत्र्याचाच रस लागतो. वसईवाल्यांना तो केक आजाऱ्यासाठी केल्यासारखा वाटतो.

बेकरीवाला मुसलमान. तेवीस तारखेला रात्री त्याची पावाची खेप झाली की भट्टी आमच्या हवाली. दारात चाळीसेक बायका, प्रत्येकीच्या हातात फडक्याने झाकलेलं भांडं, आणि भांड्यावर नावाची चिठ्ठी. चिठ्ठी पिठाने चिकटवलेली. ती भट्टीत जळायची. मग पहाटे दोनला जे काही केक बाहेर यायचे ते सगळे सारखेच काळे आणि बेवारशी. प्रत्येक बाई वासावरून आपला केक ओळखायची आणि दोघी-तिघी एकच केक ओळखायच्या. मग भांड्यांच्या बुडावर कोरलेली नावं वाचायला बेकरीवाला चष्मा लावायचा. एका वर्षी आमच्याकडे जो केक आला त्यात सढळ हाताने रम होती. कुणाचा होता कोण जाणे. आजोबांनी तीन तुकडे खाल्ले आणि केक प्रथमच नीट जमल्याचं मान डोलावून सांगितलं. आईने परत काही विचारलं नाही.

झाड आलं माझ्या आग्रहाने. नगरला देवदार कुठून मिळणार? कुणाच्या तरी बंगल्याच्या कुंपणावरची सुरूची फांदी मागून आणायची, तुपाच्या डब्यात वाळू भरून रोवायची आणि गादीतला कापूस काढून तिच्यावर बर्फ पाडायचा. जानेवारीत आजी गादीवर बसली की तिला बर्फ कुठे पडला होता ते बरोबर कळायचं. हे झाड म्हणजे साहेबाची अनादी काळापासूनची चाल अशी माझी समजूत. प्रत्यक्षात ते जर्मनांचं. व्हिक्टोरिया राणीचा नवरा आल्बर्ट जर्मन. त्याच्या घरच्या झाडाचं चित्र १८४८ मध्ये लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकात छापून आलं, आणि सगळ्या इंग्लंडला एकदम आठवलं की आपल्यातही पूर्वापार झाड असतं. दोन वर्षांनी अमेरिकेतल्या बायकांच्या एका मासिकाने तेच चित्र छापलं. फक्त राणीच्या डोक्यावरचा मुकुट खोडला आणि आल्बर्टच्या मिशा उडवल्या. झालं अस्सल अमेरिकन कुटुंब. परंपरा देशांतरी न्यायची तर एवढी हजामत पुरते.

चांदणीच्या कंदिलाची कथा त्याहून सोपी. दिवाळीला आकाशकंदील विकणारा गाडीवाला तुळशीचं लग्न झालं की त्याच गाडीवर चांदण्या लावतो. त्याच्या लेखी हा एकच लांबलेला सण आहे.

आता त्या ताटाबद्दल.

आजोबा गेले त्यानंतरच्या नाताळाची गोष्ट. साल १९७५. आई कामाच्या गडबडीत ताट मांडायचं विसरली. आजी अंधारात उठली, स्वतः परात घेतली आणि त्या वयात एक भाकरी थापली. मी जागा होतो. चुलीपाशी बसलेल्या माणसाला जे विचारता येतं ते दिवाणखान्यात विचारता येत नाही. मी विचारलं आणि तिने सांगितलं.

छप्पनचा दुष्काळ म्हणतात तो १८९९-१९०० चा. आजोबा तेव्हा सहा-सात वर्षांचे. नेवाशाकडच्या कुठल्याशा गावातून कुणीतरी त्यांना आणि त्यांच्या धाकट्या बहिणीला घेऊन नगरच्या वाटेला लागलं. मिशनमध्ये पोरांना खायला मिळतं, अशी बातमी होती. वाटेत एका मुक्कामाला सकाळी बहीण दिसेना. कुणी नेली, की ती मागे राहिली, की आणखी काय, हे कळलं नाही. आजोबा एकटे मिशनच्या अनाथाश्रमात पोचले. पहिल्या रात्री त्यांना एक भाकरी मिळाली. त्यांनी अर्धी खाल्ली आणि अर्धी सदऱ्यात दडवली, ती मागून येईल म्हणून. आठवडाभर रोज. शेवटी तिथल्या मडमेच्या हाती ते वाळके तुकडे लागले. तिने त्यांना मारलं नाही. एक ताट आणून ते तुकडे त्यात ठेवले, वरून दुसरं ताट झाकलं आणि ‘आली की देऊ’ म्हणाली. पुढच्या महिन्यात नाताळ होता.

“मग ती आली का?” मी विचारलं.

“येडा का तू?” आजी म्हणाली आणि भाकरी उलटली.

वडिलांना हे माहीत होतं का, हे मी विचारलं नाही. ते योसेफ-मरियेचंच सांगत राहिले. चांगलं सांगायचे.

माझा मुलगा शिकागोला असतो. त्याच्या घरात माझ्या घरातल्यापेक्षा जास्त पूर्वापार आहे. इथे असताना ज्याने करंजीला कधी हात लावला नाही, तो तिथे डिसेंबरच्या पहिल्या तारखेपासून आईला व्हिडिओवर समोर बसवून करंजीच्या कडेला मुरड घालायला शिकतो. आम्ही इथे दुकानातून पुडिंग आणतो, तो तिथे खवा आटवतो. त्याचा मुलगा टिळकांचं एक भजन अमेरिकन उच्चारात म्हणतो. आजोबांना कळलं नसतं, पण ताल चुकत नाही.

त्याच्या शेजारी एक पोलिश आजीबाई राहतात. चोवीसच्या संध्याकाळी त्यांनी या लोकांना जेवायला बोलावलं. टेबलावर एक ताट जास्तीचं. मुलाने विचारलं तर म्हणाल्या, आमच्यात असतं, न सांगता येणाऱ्या पाहुण्यासाठी. टेबलक्लॉथखाली थोडं गवत, गव्हाणीची आठवण म्हणून. मुलगा म्हणाला, आमच्यातही ताट असतं, आणि मी त्याला सांगितलेली हकिगत त्याने त्यांना सांगितली. त्या बाईंनी लहानपणी युद्ध पाहिलेलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी त्याला विचारलं, बहिणीचं नाव काय होतं? आमच्यातल्या कुणालाही ते माहीत नाही. चार पिढ्यांत विचारायचं कुणाला सुचलं नव्हतं. मलाही नाही.

गेल्या नाताळला रात्री मुलाचा फोन आला. आमच्याकडे पंचवीसची सकाळ उजाडलेली, त्याच्याकडे अजून चोवीसची रात्र. डेव्हन अ‍ॅव्हेन्यूवरून ज्वारीचं पीठ आणलं होतं, पण भाकरी तुटत होती. “आई, सरळ टॉर्टिया ठेवू का ताटात? मक्याचा आहे. दिसायला सारखाच.”

मी फोनकडे धावलो, पण ही माझ्या आधी पोचली. सोळाव्या शतकातली, तांदळाच्या भाकरीवर वाढलेली, माझ्या घरच्या नाताळाला परवाचा म्हणणारी बाई. फोन स्पीकरवर होता.

“अजिबात नाही,” ती म्हणाली. “पाणी उकळतं घे. पीठ जुनं असेल तर उकड काढ. आपल्यात पूर्वापार ज्वारीचीच लागते.”

तासाभराने फोटो आला. भाकरी जरा वाकडी होती, मीठ होतं. शेजारी नातवाने रेनडिअरसाठी एक गाजर ठेवलं होतं. सुनेने खाली लिहिलं होतं, की गाजर काढायला गेले तर तो रडायला लागला, म्हणाला ताटात गाजर असतंच.

तो गेल्याच महिन्यात आठ वर्षांचा झाला.